मुलांचं खेळाचं वेड आणि घरातलं वाचन-लेखन: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. शनिवारी दुपारी आमच्या पेठेतली दहा-बारा पोरं माझ्या ओसरीवर वाचायला जमतात. "मॅडम, ह्यो ग्राउंडवरनं हलत नाही, वाचणार कधी?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी उत्तरं लिहूनच ठेवली. सगळी सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, तेवढंच वाचा.

१. खेळाचा आणि वाचनाचा संबंधच काय? खेळात डोकं गेलं की अभ्यासातून जातं, असंच आम्ही बघत आलोय.

हे वाक्य वाचा: "चढाईपटूने बोनस टिपला, पण परतताना डाव्या कोपरारक्षकाने त्याची पकड केली आणि पुढच्याच चढाईत लोण चढला." कबड्डी न बघितलेला पदवीधर माणूस हे घडाघडा वाचेल आणि त्याच्या हाती काही लागणार नाही. गल्लीत कबड्डी खेळणारं चौथीतलं पोरगं अडखळत वाचेल, पण कोण बाद झालं, गुण कुणाला मिळाले, लोणाचे दोन जास्तीचे कुणाच्या खात्यात गेले, हे सगळं सांगेल.

१९८८ साली अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी नेमकं हेच तपासलं. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग लाकडी छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं ही वाचनात पक्की, पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. ज्या गोष्टीची माहिती आधीच डोक्यात आहे, तिच्याबद्दलचं वाचन सोपं जातं, इतकी साधी ही गोष्ट आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते. नुसता खेळ अक्षरं शिकवत नाही. मॅच बघून कुणाला बाराखडी आलेली नाही. खेळामुळे अर्थाची बाजू आधीच तयार असते. अक्षरांची बाजू आपल्यालाच करून घ्यावी लागते.

२. मुलगी चार वर्षांची आहे, अजून अक्षरओळख नाही. एवढ्यात काय करणार?

बोलायला लावा. लंगडी खेळून आली की "आधी काय झालं? मग? मग तू काय केलंस?" एवढंच विचारा. घडलेलं क्रमानं सांगता येणं ही वाचनाची पूर्वतयारीच असते. जर्सीवरचे आकडे आणि नावं दाखवा. वही-पेन्सिलीची घाई नको.

३. पेपरचं क्रीडापान तिसरीतल्या मुलाला जड नाही का?

जड आहे. पण ओझं आवडीचं असलं की पोरं उचलतात. मागच्या हंगामातली गोष्ट सांगते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची फुटबॉल मॅच झाली होती (आमच्याकडं फुटबॉलचे संघही तालमींचेच असतात). दुसऱ्या दिवशी तिसरीतला एकजण पेपर घेऊन ओसरीवर आला. बोट ठेवून वाचत होता. "उत्तर... उत्तरा... उत्तरार्‌..." तिथं अडला. कपाळाला आठ्या. मग एकदम मान वर: "मॅडम, सेकंड हाफ!" तो मॅचला हजर होता. गोल कधी झाला ते त्याला ठाऊक होतं, म्हणून न वाचता आलेल्या शब्दाचा अर्थ त्यानं स्वतःच काढला.

मी म्हटलं, "बरोबर. आता शब्द परत बघ. उत्तर अधिक अर्ध." त्यानं तो नीट वाचला आणि खाली 'पूर्वार्ध' शोधून काढला, मी न सांगता.

घरी याच क्रमानं जा. पहिल्या दिवशी फक्त मथळा. मग फोटोखालची ओळ. मग गुणफलक. बातमीचा पहिला परिच्छेद तुम्ही मोठ्यानं वाचा, दुसरा त्याला द्या. अख्खी बातमी संपवायचा हट्ट धरू नका. मॅच त्यानं बघितलेली असली पाहिजे, हे महत्त्वाचं. न बघितलेल्या मॅचची बातमी त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखीच असते.

४. जोडाक्षरांवर गाडी अडते. त्याला खेळाचा काही उपयोग?

हा माझा आवडता प्रश्न. मराठी क्रिकेटची परिभाषा म्हणजे जोडाक्षरांचं दुकान आहे. यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, त्रिफळाचीत, निर्धाव, खेळपट्टी, स्पर्धा. ष्ट, क्ष, त्र, ट्ट, रफार, सगळं एका पानावर मिळतं. मैदानावर पोरं 'विकेटकीपर' म्हणतात, पेपरात 'यष्टिरक्षक' छापतात. माणूस तोच, म्हणून नवा शब्द परका वाटत नाही.

शब्द नुसते वाचून सोडू नका, फोडून बघा. यष्टी म्हणजे काठी, तिचं रक्षण करणारा तो यष्टिरक्षक. षट् म्हणजे सहा. म्हणून सहा चेंडूंचं षटक, सहा धावांचा षटकार आणि गणितातला षटकोन. 'निर्धाव'मधला निर् म्हणजे 'नसलेला'. मग निर्जन, निर्मळ, निर्भय हे शब्द पोरं आपणहून जोडतात. 'चीत' तर सरळ कुस्तीच्या हौद्यातून आलाय: चारी मुंड्या चीत. पाय मध्ये आला म्हणून पायचीत. 'त्रिफळाचीत'ला आमच्या एका बहाद्दरानं विचारलं होतं, "आजीच्या त्रिफळा चूर्णानं आउट केलं काय?" तेव्हा तीन दांड्यांचं चित्र काढलं आणि 'त्रि'वरून त्रिकोण, त्रिशूळ असं गाडं पुढं गेलं. तो शब्द आता कुणी चुकवत नाही.

क्रिकेट नको असेल तर गावच्या जत्रेत वाटलं जाणारं कुस्ती मैदानाचं पत्रक आणा. ठळक अक्षरं, एका ओळीत एक जोड, 'विरुद्ध' हा अवघड शब्द वीस वेळा छापलेला, समोर इनामाची रक्कम. कुठल्याही वाचनपाठापेक्षा चांगला सराव होतो आणि पत्रक फुकट मिळतं.

५. पान उघडतो, पण फक्त आकडे बघतो. हे वाचन म्हणायचं का?

म्हणायचं. तक्ता वाचणं हेही वाचनच आहे, आणि मोठेपणी वीजबिल नि रेल्वेचं वेळापत्रक त्याच ताकदीवर वाचलं जातं. फक्त आकड्यांना तोंड फोडायला लावा. ८९ ला 'एटीनाइन' नाही, एकोणनव्वद. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतो? त्या वादात मी पडत नाही. पण धावफलक मोठ्यानं वाचणाऱ्या पोरांना एकोणसत्तर आणि सत्याहत्तर वेगळे शिकवावे लागत नाहीत, एवढं बघितलंय.

आकड्यामागची गोष्ट काढता येते. फेब्रुवारी १९८८, मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शिल्ड ही शाळांची क्रिकेट स्पर्धा. शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकरनं नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीनं नाबाद ३४९ धावा केल्या, आणि दोघांची भागीदारी ६६४ ची. आता बेरीज करा: ३२६ अधिक ३४९ म्हणजे ६७५. मग भागीदारी कमी कशी? पोरांना विचारा आणि गप्प बसा. सचिन मैदानात उतरला तेव्हा कांबळी आधीपासून खेळत होता, धावफलकावर २ बाद ८४ होत्या, हे कुणाच्या तरी ध्यानात येतंच. मग ते कारण दोन ओळींत लिहायला लावा.

एक सावधगिरी: ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, साडेचारच षटकं. गणिताच्या तासाला मात्र ४.३ साडेचारपेक्षा कमी असतं. पाचवीत दशांश अपूर्णांक आले की क्रिकेटवेडी पोरं इथं हमखास गोंधळतात. आधीच सांगून ठेवा.

६. वाचतो, पण लिहायचं नाव काढलं की पळतो.

'माझा आवडता खेळाडू' हा निबंध देऊ नका. त्या विषयानं जेवढी पोरं लिहिण्यापासून तुटली तेवढी कशानंच नसतील. ज्या लिखाणाचा मैदानावर उपयोग होतो, तेच द्या: संघाची यादी, स्पर्धेचं वेळापत्रक, गुणवही, पंचाची चिठ्ठी.

सगळ्यात उपयोगी लिखाण म्हणजे गल्लीचे नियम. आमच्या बोळात रोज भांडणं व्हायची, म्हणून चौथीतल्या दोघांना म्हटलं, नियम लिहून दारावर चिकटवा. त्यांनी लिहिलं: "१. एक टप्पा आउट. २. बॉल गटारीत गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा. ३. काच फुटली तर ज्याने मारला त्याने भरायची." संध्याकाळी पहिलंच भांडण: बॉल फलंदाजाच्या बॅटला लागून क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटून गटारीत गेला. 'मारला' कुणी? मग दुसरा खर्डा: "शेवटी ज्याचा हात लागला त्याने". त्यावर तिसरा. त्या आठवड्यात कागद पाच वेळा फाडून पुन्हा लिहिला गेला. 'जर', 'तर', 'किंवा', 'सोडून' या शब्दांची किंमत मी फळ्यावर इतकी कधी शिकवू शकले नव्हते. शुद्धलेखन? 'गटारीत'ची वेलांटी चार खर्ड्यांत चुकली. मी हात लावला नाही. पाचव्यात एकीनं सुधारली.

७. चुकीचं वाचलं की मध्येच टोकायचं की नाही?

अर्थ बदलत नसेल तर वाक्य संपू द्या. 'फलंदाजाने'चं 'फलंदाजानी' झालं तर आभाळ कोसळत नाही. 'बाद'चं 'नाबाद' झालं तर मात्र विचारा: "असं? मग तो पुढच्या षटकात खेळला का?" चूक तो स्वतःच पकडेल. अडलेल्या शब्दाचं काय करायचं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

८. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. आमच्या सासूबाईंना तर वाचताही येत नाही. मग घरी वाचन घेणार कोण?

तुम्हाला खेळ कळत नाही, हे तर फारच चांगलं. मुलाला गुरू होऊ द्या. "अरे, हा बाद कसा झाला? मला सांग की" असं खरंच न कळून विचारलेलं पोराला लगेच ओळखू येतं आणि तो जीव तोडून समजावतो. न जाणणाऱ्याला समजेल असं सांगणं हे लेखनाचं अर्धं काम आहे.

आजीचं वेगळंच. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवण्याचं कारण खरं असतं, परीक्षेचं नसतं. आमच्याकडच्या एका आजींना कुस्तीचं फार वेड. त्यांचे वडील पैलवान. नातू बातमी वाचतो, आजी मध्येच विचारते, "डाव कंचा मारला? ढाक का घिस्सा?" बातमीत ते नसतं. मग आजीच तो डाव हातवारे करून दाखवते. नातवाच्या वहीत आता डावांची यादी आहे: ढाक, घिस्सा, धोबीपछाड, कलाजंग, मोळी. यातले अर्धे शब्द मलाही ठाऊक नव्हते.

९. मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. हे सगळं मराठीतून केलं तर गोंधळ होणार नाही?

होत नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्याच माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे शाळेत मराठी आहेच. फक्त बऱ्याच मुलांना ती तासापुरती भेटते. खेळ हा तिला घरात आणायचा सोपा रस्ता. एकाच मॅचची बातमी इंग्रजी आणि मराठी, दोन्ही पेपरांत वाचा. इंग्रजी आधी वाचली तरी चालेल. काय घडलं ते कळलेलं असतं, मग मराठी बातमीत फक्त शब्द शोधायचे उरतात. लिपीवर अडत असेल तर प्रश्न ४ मधल्या पत्रकापासून सुरू करा.

१०. तो मोबाइलवर खेळाचे व्हिडिओच बघतो. ते चालेल?

बघण्यात काही वावगं नाही, पण बघणं म्हणजे वाचणं नव्हे, यात मी सवलत देत नाही. आयपीएलचं समालोचन मराठीतही मिळतं. ते लावलं तर कानावर शब्द तरी पडतात. माझी युक्ती अशी: पाच मिनिटं आवाज बंद करा आणि समालोचन त्याला करू द्या. फोनवर रेकॉर्ड करा, मग त्यातली तीन वाक्यं कागदावर उतरवायला सांगा. स्वतःचं बोलणं ऐकून लिहायला पोरांना गंमत वाटते. बोलून टाइप करायची सोय मात्र तूर्त दूर ठेवा. तिथं लिहिण्याचं काम फोन करतो.

११. खेळाखेरीज दुसरं काहीच वाचायला तयार नाही. एकांगी होईल ना?

सहा महिने होऊ द्या. मग खेळाडूच्या आयुष्यातून बाहेरचे रस्ते काढा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९४८ साली लंडनला गेले, १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. प्रवासाच्या पैशांसाठी वर्गणी गोळा करावी लागली होती, आणि परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हेलसिंकी कुठं आहे? नकाशा उघडला. तिथं कसं जायचं, विमान की बोट? सरकारनं पैसे का दिले नाहीत? एका पैलवानाच्या मागं भूगोल, इतिहास नि नागरिकशास्त्र येऊन बसतं.

त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. मधली वर्षं किती, ते पोरंच काढतील. मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा: सैनिक, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यावरून युद्धाबद्दल वाचायला मागणारी मुलं मी बघितलीत.

१२. मुलीला खेळ आवडतो, पण वाचायला सगळं मुलांबद्दलच असतं.

पूर्वी तक्रार सोळा आणे खरी होती, आता कात्रणं जमवता येतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आमच्या ओसरीवरच्या मुलींनी ते कात्रण भिंतीला लावलंय. खो-खोची भाषाही छान आहे: पाठलाग, संरक्षण, खुंट. आणि "खो दिला" हा शब्दप्रयोग कचेरीतल्या कामांनाही कसा लागतो, ते सांगितलं की मुली खुदखुदतात.

१३. मैदानी खेळ नकोच वाटतात. बुद्धिबळ चालेल?

उत्तम चालेल. मोठ्या वेळेच्या स्पर्धांत प्रत्येक खेळी लिहून ठेवणं बंधनकारकच असतं, म्हणजे लिहिण्याची सवय खेळातच गुंफलेली. घरी खेळी मराठीत बोलून लिहा: "घोडा एफ३ वर, उंटाने प्यादं मारलं." २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या डावांच्या खेळ्या मिळवून पटावर लावून बघणं हेही बारकाईचं वाचन आहे.

१४. तो खेळत काहीच नाही, नुसती टीव्हीवरची नाटकी कुस्ती बघतो. ते धरायचं का?

धरा की. कोण कुणाचा वैरी, का, कधीपासून, हे तो तासभर सांगतो ना? ती गोष्टच आहे. दोन पैलवानांतला संवाद लिहायला सांगा. अवतरणचिन्हं शिकवायला याहून सोपा रस्ता मला सापडलेला नाही.

१५. मार्क कमी आले म्हणून खेळ बंद केला. चुकलं का?

माझ्या मते, हो. जो धागा हातात होता तोच कापला. आणि उलट टोकही नको: "दोन पानं वाच, मग ग्राउंडवर जा." त्यानं वाचन हा दंड होतो. ही चूक मी स्वतःच्या मुलाशी केली. दोन महिने तो पानं उलटायचा आणि डोळे घड्याळावर. वाचन मैदानावरून आल्यावर ठेवा, हातपाय धुऊन, खाता खाता. दहा मिनिटं पुरतात.

१६. सगळं करून बघितलं, तरी दुसरी-तिसरीत साधे शब्दही जुळत नाहीत. आता?

इथं खेळाची युक्ती थांबवा आणि तपासणी करा. तोंडी सामना झकास सांगतो, पण छापलेलं तेच वाक्य वाचता येत नाही. तोच शब्द एका ओळीत येतो, पुढच्या ओळीत अडतो. महिनोन्‌महिने फरक नाही. अशा वेळी आधी डोळे आणि कान, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर शालेय परीक्षांत सवलती मिळतात. "मोठा झाला की येईल" म्हणत दोन वर्षं घालवू नका. दरम्यान प्रश्न ८ आणि १० मधली तोंडी कामं चालू ठेवा. आपल्याला काहीतरी उत्तम येतं, हे त्या पोराला कळत राहिलं पाहिजे.

१७. आम्ही परदेशात आहोत. मुलगी सॉकर खेळते, मराठी बोलते, पण वाचत नाही.

भारतातल्या आजी-आजोबांना दर शनिवारी सामन्याची बातमी मराठीत पाठवायची, कागदावर लिहून, फोटो काढून. पहिल्या आठवड्यात दोनच ओळी: "आम्ही जिंकलो. मी एक गोल केला." आजोबांचं उत्तरही देवनागरीतच यायला हवं आणि त्यात प्रश्न हवा. तो वाचल्याशिवाय तिला पुढचं लिहिता येत नाही.

१८. आपला संघ हरला की पेपर फेकून देतो, आठवडाभर हात लावत नाही.

आमच्या पेठेत तालीम हरली की मोठी माणसंही पेपर उघडत नाहीत, त्याचं काय घेऊन बसलात! तो आठवडा जाऊ द्या. नाहीतर पंचाच्या नावानं तक्रार लिहायला बसवा. नेमकी कुठली चूक, कितव्या मिनिटाला, नियम काय सांगतो. गेल्या वर्षी एकानं अशी दीड पानं लिहिली. शेवटी सही, आणि सहीखाली: "ता. क. ऑफसाइड होता हे मला माहीत आहे."